धंदा चालू आहे, पण मन उडालंय: पुन्हा कंबर कसण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा-अकरा वर्षं स्वतःचा छोटा व्यवसाय आहे, हाताखाली चार माणसं आहेत. तोटा नाही, पण महिनाअखेरीस हातात फारसं उरतही नाही. सुरुवातीला सकाळी कधी एकदा कामाला लागतो असं व्हायचं. आता कामाचा फोन वाजला तरी नकोसं होतं. बंद करायचा विचार आला की जीव कासावीस होतो आणि चालवायचा म्हटलं तर मन लागत नाही. ‘पूर्वीची जिद्द परत कशी आणायची?’ असं विचारलं आहे.

लहान व्यावसायिकांचे हिशेब बघणं आणि त्यांच्यासोबत बसून पुढचं ठरवणं हेच माझं काम आहे. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो. जिद्द परत आणायच्या मागे लागू नका. ज्या अटींवर तुम्ही हा धंदा चालवताय त्या अटी तपासा आणि बदला. अटी बदलल्या की मन बहुतेक वेळा मागोमाग येतं. बदलूनही आलं नाही, तर तेही स्पष्ट कळतं आणि मग निर्णय घेणं सोपं जातं.

भाडेकराराचं नूतनीकरण करताना आपण जुन्या कागदावर नुसती नवी तारीख टाकून सही करत नाही. भाडं किती, मुदत किती, दुरुस्ती कोणी करायची, सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, हे सगळं पुन्हा वाचतो. धंद्याशी केलेला करार मात्र बहुतेकांनी पहिल्या वर्षी मनातल्या मनात केलेला असतो आणि नंतर तो कधी उघडून पाहिलेला नसतो. त्यात मालकाच्या पगाराचा आकडा नसतो, सुट्टी नसते, मुदत नसते. शिवाय तेव्हा वय वेगळं होतं, घरच्या जबाबदाऱ्या वेगळ्या होत्या आणि धंद्यात पडण्याचं कारणही वेगळं होतं. कोणाला वरिष्ठाचा जाच नको होता, कोणाला घराचं कर्ज फेडायचं होतं, कोणाच्या हातात कला होती आणि तिच्यावर पोट भरता येतं का ते बघायचं होतं. आज त्या वरिष्ठाचा चेहराही नीट आठवत नाही, कर्ज फिटलंय, कलेवर पोट भरतं हे सिद्ध झालंय. म्हणजे ज्यासाठी सुरू केलं ते काम झालं आणि धंदा मागे उरला. याला मी जिद्द संपणं म्हणत नाही. नवं कारण ठरवायचं राहून गेलंय, एवढंच.

आता पहिला प्रश्न: तुम्हाला धंदा नकोसा झालाय की तुम्ही दमला आहात? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या स्पष्ट केली. आयसीडी-११ या संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवलेला आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की ही स्थिती येते आणि तिची तीन अंगं आहेत. अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

मालक माणसाच्या बाबतीत या तिघांपैकी कोण आधी आलं हे मी नेहमी विचारतो, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. आधी दमणूक आली असेल आणि बाकीचं तिच्या मागून, तर धंद्यात बिघाड असेलच असं नाही. कामाचे तास आणि माणसांची वाटणी चुकली आहे. आधी कडवटपणा आला असेल, तर तो सहसा सगळ्या धंद्याबद्दल नसतो. नीट खोदून विचारलं की दोन-तीन ग्राहक, एखादा भागीदार किंवा एकाच प्रकारचं काम पुढे येतं. आणि ‘माझ्याच्याने होत नाही’ ही भावना आधी आली असेल, तर बहुधा बाजार बदललाय आणि आपलं कौशल्य किंवा आपली पद्धत मागे राहिली आहे. तिथे विश्रांतीने काही होणार नाही, शिकावं लागेल किंवा शिकलेलं माणूस घ्यावं लागेल.

पूर्ण दमलेलं असताना मोठा निर्णय घेऊ नका. आधी काही दिवस सलग बाजूला व्हा, फोनसुद्धा दुसऱ्याकडे देऊन. ‘ते शक्यच नाही’ असं लगेच मनात आलं असेल, तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय याचा तो पहिला पुरावा समजा. आणि झोप उडणं, कशातच रस न वाटणं, निराशा हे सगळं धंद्यापुरतं न राहता घरातही आलं असेल आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकून असेल, तर माझ्यासारख्याकडे नाही, आधी डॉक्टरांकडे जा. हिशेब थांबू शकतात.

थोडं ताजंतवानं झाल्यावर स्वतःला विचारायचं, की मला इथे धरून ठेवलंय ते नेमकं कशाने? जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या संशोधकांनी १९९१ मध्ये नोकरदारांच्या संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले होते. एक ओढीची, म्हणजे मला इथे राहावंसं वाटतं. दुसरी नाइलाजाची, म्हणजे सोडणं परवडत नाही. तिसरी कर्तव्याची, म्हणजे सोडणं बरं दिसणार नाही. हे नोकरदारांसाठी मांडलेलं असलं तरी मालकांना ते तंतोतंत लागू पडतं असा माझा अनुभव आहे. एका कागदावर तीन रकाने करा आणि प्रत्येकात खरं ते लिहा. ओढीच्या रकान्यात ‘अवघड काम सुटलं की अजूनही आनंद होतो’ असं काही येईल. नाइलाजाच्या रकान्यात वैयक्तिक हमी दिलेलं कर्ज, जागेचा करार, या वयात नोकरी कोण देणार ही भीती. कर्तव्याच्या रकान्यात चार माणसांचे संसार, वडिलांनी दिलेलं भांडवल, लोक काय म्हणतील.

सगळ्यांच्याच तिन्ही रकान्यांत काही ना काही असतं आणि त्यात वावगं काही नाही. पण ओढीचा रकाना अगदी कोरा आणि बाकीचे दोन भरगच्च असतील, तर तुम्ही धंदा चालवत नाही, धंद्याने तुम्हाला धरून ठेवलंय. अशा वेळी जोरदार भाषणं ऐकून, नवी पाटी लावून चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तिथे आधी नाइलाजाच्या रकान्यातली एकेक ओळ कमी करावी लागते: कर्ज उतरवणं, करार छोट्या मुदतीचा करून घेणं, बाहेर पडता येईल इतकी गंगाजळी जमवणं. विचित्र वाटेल, पण बाहेरचं दार उघडं आहे हे कळल्यावर आत राहणं पुष्कळांना आवडू लागतं.

या ठिकाणी एक सापळा आहे. ‘इतकी वर्षं घातली, आता कसं सोडायचं?’ घातलेली वर्षं आणि पैसा दोन्ही गेलेले आहेत. राहिलात तरी परत येणार नाहीत, सोडलंत तरी येणार नाहीत. हे डोक्याला पटतं, मनाला पटत नाही. बॅरी स्टॉ या संशोधकांनी १९७६ मध्ये केलेला एक प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीचा पैसा दोन विभागांपैकी एकात गुंतवायचा होता. निवडलेला विभाग पुढे तोट्यात गेल्याचं त्यांना दाखवलं आणि पुन्हा पैसे वाटायला दिले. ज्यांनी पहिली निवड स्वतः केली होती, त्यांनी त्याच बुडत्या विभागात जास्त पैसा ओतला. ज्यांच्या माथी दुसऱ्याचा निर्णय आला होता, त्यांचा हात तेवढा सैल नव्हता. म्हणून हा निर्णय घेताना हिशेब एखाद्या बाहेरच्या माणसाला वाचायला द्या. सुरुवातीच्या निर्णयात ज्याचं काही गुंतलेलं नाही, असा माणूस हवा.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर व्यवस्थापकांना एक प्रश्न विचारायला सांगत: आपण या धंद्यात आधीच नसतो, तर आज यात शिरलो असतो का? प्रश्न उत्तम आहे, पण छोट्या मालकाला त्याचं प्रामाणिक उत्तर देणं जड जातं, कारण धंदा आणि आपण यांत त्याला फट दिसत नाही. मी त्याऐवजी एक कामच करायला सांगतो. तुमच्या स्वतःच्या जागेसाठी नोकरीची जाहिरात लिहा, आणि खरी लिहा. कामाचे तास, सुट्ट्या, मिळणारा पगार, कोणती कामं करावी लागतील, कोणाची बोलणी खावी लागतील, जोखीम किती, सगळं. मग ती जाहिरात एखाद्या हुशार, मेहनती, तुम्हाला ज्याच्याबद्दल आपुलकी आहे अशा तरुण माणसाला दाखवता येईल का ते बघा. बहुतेकजण पगाराच्या ओळीशी अडकतात. कारण तो आकडाच त्यांना माहीत नसतो.

इथून पुढे हिशेबाच्या वह्या उघडायच्या, आणि या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मन उडालं असं सांगणाऱ्या मालकांपैकी पुष्कळांचं दुखणं इथे सापडतं.

तुम्ही म्हणता तोटा नाही. त्या हिशेबात तुमचा पगार खर्चात धरलाय का? बहुतेक ठिकाणी मालक गरज पडेल तशी उचल करतो आणि ती नफ्यातून गेली असं मानतो. समजा महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे जागा, माणसांचे पगार, वीज, हप्ते वगैरे, मिळून २० हजार आहे. आकडा सोयीसाठी घेतलाय, तुमचा असेल तो घाला. विक्रीवर ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून फक्त मालाचा खर्च वजा केल्यावर उरणारी रक्कम, ३० टक्के सुटतो. तर २० भागिले ०.३०, म्हणजे साधारण ६७ हजारांच्या विक्रीला खर्चाची तोंडमिळवणी होते. धंदा ७५ हजारांची विक्री करतोय, म्हणून मालक खुशीत. आता तुमचं काम करायला बाहेरचं माणूस ठेवलं तर त्याला १० हजार द्यावे लागतील असं धरा. ठरलेला खर्च ३० हजार झाला आणि ना नफा ना तोटा हा टप्पा एकदम १ लाखावर गेला. म्हणजे धंदा अजून त्या रेषेच्या २५ हजार खाली आहे आणि ती खोट तुम्ही स्वतःच्या कमी पगारातून भरताय. वर्षानुवर्षं. मनाला ते कधीचं कळलेलं असतं, हिशेबात दिसायला वेळ लागतो.

म्हणून नूतनीकरणाची माझी पहिली अट ही, की मालकाचा पगार ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या रकमेचा, धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात गेला पाहिजे. सुरुवातीला रक्कम छोटी चालेल. पण ती खर्चात दिसली पाहिजे.

मग किमती. दमलेल्या मालकाला भाव वाढवायची भीती वाटते, कारण एखादा ग्राहक तुटला तर ते दुःख सोसायची ताकद नसते. तो भाव धरून ठेवतो आणि जास्त काम अंगावर घेतो. गणित मात्र उलटं सांगतं. १०० ची वस्तू, तिला ७० लागतात, ३० सुटतात. भाव १० टक्क्यांनी कमी केला तर २० च सुटतील आणि तेवढाच ढोबळ नफा राखायला दीडपट माल विकावा लागेल. भाव १० टक्क्यांनी वाढवला तर ४० सुटतील, आणि विक्री चौथ्या हिश्श्याने घटली तरी ढोबळ नफा होता तिथेच राहील. त्या चौथ्या हिश्श्याचं काम मात्र वाचलं. ज्याला दिवस पुरत नाही अशा माणसासाठी हे किती मोठं आहे ते बघा. अर्थात सगळीकडे सरसकट १० टक्के चढवता येत नाहीत. बाजारात दहाजण विकतात अशा मालावर हात आखडता ठेवा; तुमच्या हाताचं, सल्ल्याचं, वेळेवर देण्याचं जिथे मोल आहे तिथून सुरुवात करा. नव्या ग्राहकांना नवा भाव आधी सांगा, जुन्यांना तारीख देऊन.

आणि उधारी. हिला मी सर्वांत वर धरतो. येणी बाकीची यादी काढा, ग्राहकवार, चार रकान्यांत: ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ६०, ६१ ते ९०, आणि ९० दिवसांच्या पुढची. पुष्कळांकडे ही यादी संगणकात तयार असते आणि कोणी उघडलेली नसते. उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. शेवटच्या रकान्यात सहसा एक-दोनच मोठी नावं असतात आणि तीच नावं विक्रीच्या यादीतही वर असतात. म्हणजे ज्या ग्राहकाला आपण ‘मोठा’ म्हणून जपतो, ज्याच्यासाठी रात्री थांबतो, त्याचा धंदा आपल्या पैशावर चाललेला असतो. एका मालकाला मी अशा एका ग्राहकासमोर गेल्या वर्षभरात खर्च झालेले तास लिहायला लावले. फोन, चकरा, फुकट करून दिलेले बदल, आठवणीचे निरोप, सगळं धरून. मग त्या ग्राहकाकडून सुटलेला ढोबळ नफा त्या तासांनी भागला. ताशी जो आकडा आला तो त्यांच्या सर्वांत नवख्या मदतनीसाच्या मजुरीपेक्षा कमी होता. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘मला वाटत होतं मला कामाचाच कंटाळा आलाय.’ त्या ग्राहकाला त्यांनी अर्धी रक्कम आगाऊ मागितली. तो गेला. त्याच्या जागी लगेच दुसरा कोणी आला असं झालं नाही, विक्री काही महिने खालीच राहिली. पण संध्याकाळी ते वेळेवर घरी जाऊ लागले आणि खात्यात शिल्लक दिसू लागली.

शिल्लक का दिसू लागली, हेही समजून घ्या. माल सरासरी ४० दिवस पडून राहतो, विकल्यावर पैसे यायला ६० दिवस लागतात आणि पुरवठादार ३० दिवस थांबतो, तर ४० अधिक ६० वजा ३०, असे ७० दिवस तुमचा पैसा बाहेर अडकलेला असतो. तेवढं खेळतं भांडवल तुम्हाला कुठून तरी उभं करावं लागतं. विक्री वाढली की अडकणारी रक्कमही वाढते, म्हणून तर भरभराटीच्या काळात पगाराच्या तारखेला धाकधूक होते. वसुली ६० वरून ४० दिवसांवर आली तर एकही नवा ग्राहक न मिळवता २० दिवसांच्या विक्रीएवढी रक्कम हातात येते. महिनाअखेरीच्या चिंतेतून सुटका झाली की माणूस वेगळा दिसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे.

वह्या झाल्या की दिवस. दोन आठवडे, केलेलं प्रत्येक काम जेव्हाचं तेव्हा लिहा. मग प्रत्येकासमोर खूण करा: हे मीच करायला हवं, हे दुसरा कोणी करू शकतो, हे कोणीच केलं नाही तरी चालेल. तिसऱ्या प्रकारची कामं बघून थक्क व्हाल. दुसऱ्या प्रकारातलं एक काम निवडा आणि ते कसं करायचं हे पानभर लिहून एका माणसाच्या स्वाधीन करा. एकच. सगळं एकदम सोपवलं की दोन चुका होतात, आपण वैतागून सगळं परत ओढून घेतो आणि ‘आमच्याकडे माणसंच नीट नाहीत’ हा समज पक्का होतो.

एक इशारा द्यायलाच हवा. कंटाळलेला मालक पुष्कळदा नवी शाखा, नवी वस्तू, नवं यंत्र यात उडी घेतो. पहिल्या दिवसांची ती धुंदी पुन्हा अनुभवायची असते. विस्तार करायला माझी ना नाही, पण जुन्या धंद्याची उधारी आणि किमती जागेवर न आणता केलेला विस्तार तीच दुखणी दुपटीने वाढवतो. धंदा मुद्दाम लहान करणं हाही सन्मानाचा पर्याय आहे, आणि तो फार कमी लोक मनावर घेतात. दोन प्रकारची कामं बंद करून एकच नीट करणं, आठवड्याचा एक दिवस कमी करणं, चारऐवजी तीन माणसांत भागेल अशी रचना कोणीतरी स्वतःहून सोडून गेल्यावर बसवणं. कोणाची भाकरी हिरावून लहान व्हायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

एवढं बघून झाल्यावर ‘राहायचं’ असं ठरलं, तर ते लिहून काढा. मनात ठरवलेलं मनातच विरतं. कागदावर मुदत हवी; मी सहसा एक वर्ष सुचवतो, दमणूक फार असेल तर सहा महिने. ‘आयुष्यभर’ असं लिहू नका, तो शब्दच छातीवर बसतो. नवं कारण हवं, एका वाक्यात. ते उदात्तच असायला हवं असं नाही. ‘दोन वर्षांत माझ्या हाताखालचा मुलगा हे सगळं एकट्याने चालवू शकला पाहिजे’ हेसुद्धा भक्कम कारण आहे. माझा पगार, माझे तास, माझी सुट्टी हवी. आणि बाहेर पडण्याच्या अटी हव्यात, आकड्यांत. उदाहरणार्थ: सलग तीन महिने माझा पगार निघाला नाही, किंवा ९० दिवसांवरची उधारी एकूण येण्यांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा वर गेली, तर त्या महिन्यात मी अमुक व्यक्तीसोबत बसून बंद करायचं, विकायचं की लहान करायचं यावर बोलेन.

वाक्यरचना मुद्दाम ‘जेव्हा असं होईल तेव्हा मी तसं करेन’ अशी ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या प्रकारच्या संकल्पांचा खूप अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी आणि पॅस्कल शीरन यांनी ९४ स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा वेळ-प्रसंग ठरवून केलेला इरादा बऱ्यापैकी जास्त तडीस जातो असं दिसलं. ‘उधारी वसूल करीन’ याला काही अर्थ नाही. ‘सोमवारी सकाळी पहिला चहा झाला की यादीतल्या वरच्या पाच जणांना फोन’ हे मात्र तडीस जातं.

सुरुवातीची तारीखही निवडून घ्या. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की नवा आठवडा, नवा महिना, नवं वर्ष, वाढदिवसानंतरचे दिवस अशा टप्प्यांवर लोक व्यायामशाळेत जास्त जातात, नवे संकल्प जास्त करतात. हा जोर ओसरतो हेही खरं. म्हणून तो सवय लावायच्या कामांवर खर्च न करता, एकदाच करायच्या अवघड गोष्टींवर वापरा: भाववाढीचं पत्र पाठवणं, त्या ग्राहकाशी बोलणं, पगाराचा आदेश बँकेत देणं.

सही करण्याआधी एक बैठक उलट्या दिशेने घ्या. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये लिहून प्रसिद्ध केलेली ही रीत आहे. वर्ष संपलंय आणि आपला बेत सपशेल फसलाय असं धरून चालायचं आणि प्रत्येकाने का फसला ते लिहायचं. ‘फसेल का?’ असं विचारलं की माणसं धीर देतात. ‘फसलाय, का फसला?’ म्हटलं की खरं बाहेर येतं. घरातलं माणूस या बैठकीत हवंच. त्याने किंवा तिने या धंद्यापायी तुमच्या अनुपस्थितीची किंमत मोजलेली असते आणि अटींवर बोलायचा हक्क मिळवलेला असतो. हाताखालच्या माणसांना तुमची सगळी घालमेल सांगायची गरज नाही, पण ठरलेलं जरूर सांगा. मालकाचं लक्ष उडालंय हे त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं आणि त्यातली चांगली माणसं दुसरीकडे चाचपणी करायला लागलेली असू शकतात.

आणि उत्तर ‘नाही’ आलं तर? मग ठरवून, वेळ घेऊन बाहेर पडा. देणी, माणसांची थकबाकी, ग्राहकांची अर्धवट कामं, करांचे कागद हे सगळं पुरं करून बंद केलेला धंदा ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. विकायचा असेल तर घेणारा विचारतो, ‘तुमच्याशिवाय हे चालतं का?’ त्याला लिहिलेल्या पद्धती, जागेवर असलेली वसुली, मालकाचा पगार धरून दाखवलेला नफा आणि जबाबदारी घेणारी माणसं हवी असतात. म्हणजे राहण्यासाठी जे करायचं तेच जाण्यासाठीही करायचं आहे. त्यामुळे निर्णय आजच व्हायला हवा असं दडपण घेऊ नका. कामाला आजपासून लागता येतं.

तुमच्या चार ओळींवरून मला पहिला संशय उधारी आणि किमतींवर आहे. तोटा नाही, हातात उरत नाही आणि फोन नकोसा होतो, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की मी आधी तिथेच बघतो. या आठवड्यात ९० दिवसांच्या पुढच्या येण्यांची यादी काढा आणि फोन नकोसा होतो तो नेमका कोणाकोणाचा, त्यांची नावं तिच्यासमोर लिहा. मग पगाराचा आकडा घालून तोंडमिळवणीचा हिशेब करा. हे दोन कागद तयार झाले की तीन रकान्यांचा कागद भरायला बसा, घरच्या माणसाला शेजारी घेऊन.